पाच वाद्यांसाठी समकालीन रचना: पहिल्या आराखड्यापासून तालमीपर्यंत

फ्लूट, क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो आणि पियानो हा पाच वादकांचा संच समकालीन पाश्चात्त्य अभिजात संगीतात इतका रुळला आहे की, चेंबर संगीत (मोजक्या वादकांचे संगीत) नव्याने लिहू पाहणाऱ्याला पहिली संधी बहुधा याच संचासाठी मिळते. त्याचे मूळ आर्नोल्ड शोनबर्ग यांच्या ‘पिएरो ल्युनेर’ या रचनेत आहे. ती १९१२ साली बर्लिनमध्ये प्रथम सादर झाली. तिच्यात स्त्रीकंठाच्या जोडीला पाच वादक आहेत. परंतु फ्लूटवादक पिकोलोही वाजवतो, क्लॅरिनेटवादक बास क्लॅरिनेट हाती घेतो आणि व्हायोलिनवादक व्हिओलाकडे वळतो, त्यामुळे पाच माणसांकडून आठ वाद्ये मिळतात. पुढे १९६७ मध्ये पीटर मॅक्सवेल डेव्हिस आणि हॅरिसन बर्टविसल या रचनाकारांनी इंग्लंडमध्ये ‘पिएरो प्लेअर्स’ हा वृंद स्थापन केला, आणि कधी तालवाद्याची भर घालून, कधी गायन वगळून हा संच सर्वत्र पसरला.

अशा संचासाठी सात-आठ मिनिटांची रचना कशी उभी करावी, हे येथे क्रमाने पाहू. सर्व टप्प्यांमागे एकच धोरण आहे. कागदावरची प्रत्येक खूण कोणाच्या तरी श्वासातून, बोटातून किंवा गजातून प्रत्यक्षात यायची असते आणि तीही मोजक्याच तालमींत. म्हणून रचनेतला प्रत्येक निर्णय वादकाच्या खुर्चीत बसून तपासून घ्यावा.

पहिला टप्पा: स्वरांआधी अटी

एकही स्वर लिहिण्याआधी काही प्रश्नांची उत्तरे मिळवावीत. रचना किती मिनिटांची हवी आहे? कंडक्टर असेल की नाही? एकत्र तालमी किती होतील? वादक जोडवाद्ये, म्हणजे पिकोलो, आल्टो फ्लूट, बास क्लॅरिनेट वगैरे, स्वतः बाळगतात का? सभागृहातल्या पियानोच्या तारांना हात लावण्याची परवानगी आहे का? यांतील शेवटचा प्रश्न हमखास विसरला जातो आणि मग प्रयोगाच्या दिवशी पियानोचे झाकण उघडण्यावरूनच वाद होतो.

मिनिटांचा हिशेबही आधीच करून ठेवावा. चार मात्रांचे १२० बार (मात्रांचे ठरावीक गट) लिहिले आणि लय मिनिटाला ६० मात्रांची ठेवली, तर रचना बरोबर आठ मिनिटांची होते. तेच बार ७२ च्या लयीत सहा मिनिटे चाळीस सेकंदांत संपतात. नवख्या रचनाकाराला संथ भाग मनात ऐकताना तो प्रत्यक्षापेक्षा मोठा वाटतो. त्यामुळे घड्याळ समोर ठेवून, मात्रा मोजत, संपूर्ण रचना मनातल्या मनात एकदा तरी वाजवून पाहावी.

दुसरा टप्पा: पाच वाद्यांचे स्वभाव

वाद्यांचे पल्ले पुस्तकात मिळतात, स्वभाव मात्र कानांनी ओळखावे लागतात. फ्लूट मधल्या सीपासून, म्हणजे पियानोच्या साधारण मध्यावरच्या सी या स्वरापासून, सुरू होतो (काही वाद्यांना त्याखालचा बीही मिळतो), पण त्याचे पहिले सप्तक हवेने भरलेले आणि क्षीण असते. त्या पट्ट्यात ‘फोर्टे’ (मोठ्याने) लिहिले म्हणून तो पियानोच्या जाड स्वरसमूहातून वर येत नाही. उलट त्याच्या सर्वांत वरच्या स्वरांत हळू आवाजात वाजवणे कष्टाचे असते. फ्लूटची सुरावट पुढे यायला हवी असेल तर ती दुसऱ्या सप्तकात न्यावी, नाहीतर बाकीच्यांना गप्प करावे.

क्लॅरिनेट हा या संचातला सर्वांत लवचीक सदस्य आहे. शून्यातून स्वर उगवावा आणि पुन्हा शून्यात विरावा, हे त्याच्याइतके सहज बाकी चौघांपैकी कोणालाच जमत नाही. बी फ्लॅट (फ्लॅट म्हणजे अर्धा स्वर खालचा) क्लॅरिनेटमधून लिहिलेल्या स्वरापेक्षा एक पूर्ण स्वर खालचा आवाज येतो. त्यामुळे त्याचा लिहिलेला सर्वांत खालचा ई प्रत्यक्षात डी ऐकू येतो. हा खालचा पट्टा गडद आणि भरीव असतो. मधल्या सीच्या वर, लिहिलेल्या जी ते बी फ्लॅट या टप्प्यात मात्र आवाज फिका पडतो, आणि त्याच्या लगेच वर बोटांची संपूर्ण मांडणी बदलते. त्या सीमेवरून वेगाने वर-खाली करणारी वळणे लिहिण्याआधी वादकाला विचारावे.

व्हायोलिन आणि चेलो यांच्याबाबतीत सर्वाधिक चुका दोन तारा एकत्र वाजवण्यात होतात. दोन स्वर एकाच वेळी हवे असतील तर ते शेजारच्या दोन तारांवर मिळाले पाहिजेत. व्हायोलिनच्या तारा खालून वर जी, डी, ए, ई अशा असतात. त्यामुळे डीच्या तारेखालचे दोन स्वर एकदम मागितले तर दोन्ही एकाच जी तारेवर येतात आणि ते वाजूच शकत नाहीत. चेलोच्या तारा सी, जी, डी, ए अशा असतात. तेथे हाच नियम जीच्या खाली लागू होतो. गजाची जागा हा रंगांचा स्वतंत्र खजिना आहे: गज घोडीजवळ नेला की आवाज काचेसारखा टोकदार होतो, बोटे ठेवायच्या पट्टीवर नेला की धूसर. पिझिकाटोवरून (तार बोटाने छेडण्यावरून) गजावर येण्यासाठी आणि म्यूट (आवाज दबवणारी चिमटी) चढवण्या-उतरवण्यासाठी मात्र विराम ठेवायलाच हवा. म्यूट चढवायला एक मात्रा आणि काढायला शून्य, असे लिहिलेले स्कोअर (सर्व वाद्यांच्या ओळी एकत्र असलेल्या प्रती) अजूनही दिसतात.

पियानो या चौघांपेक्षा मुळातच वेगळा आहे, कारण वाजवलेला स्वर त्याला वाढवता येत नाही. कळ दाबल्या क्षणापासून स्वर विरू लागतो. खालच्या जाड तारा पेडलवर बराच वेळ घुमतात आणि वरचे स्वर चटकन संपतात. या विरण्याकडे उणीव म्हणून न पाहता रचनेचे साधन म्हणून पाहिले, तर संचाची अर्धी अडचण तेथेच सुटते. याचे उदाहरण पुढे येईल.

तिसरा टप्पा: थोडी सामग्री, पुरती तपासलेली

सात-आठ मिनिटांसाठी तीन-चार स्वरांचा एक गट पुरेसा असतो. डी, ई फ्लॅट आणि ए हे तीन स्वर घ्या. डी ते ई फ्लॅट अर्धा स्वर आहे, ई फ्लॅट ते ए तीन पूर्ण स्वरांचे अस्थिर अंतर आहे, आणि ए ते डी हे अडीच स्वरांचे स्थिर अंतर, म्हणजे शुद्ध चौथे. म्हणजे तिघांतच घर्षण, अस्थैर्य आणि विसावा या तिन्ही गोष्टी मिळतात. हाच गट तीन पूर्ण स्वर वर सरकवला की जी शार्प (जीपेक्षा अर्धा स्वर वरचा), ए आणि ई फ्लॅट मिळतात: दोन स्वर तेच राहिले, फक्त डीच्या जागी जी शार्प आला. मूळ गट उलटा केला, म्हणजे वर जाणारी अंतरे ई फ्लॅटपासून खाली मोजली, तर ई फ्लॅट, डी आणि जी शार्प असा गट हाती येतो. त्यातही पहिल्याचे दोन स्वर कायम आहेत. एकच स्वर बदलून अख्ख्या संचाचा रंग फिरवण्याचे हे दरवाजे आहेत, आणि ते लिहायला बसण्यापूर्वीच शोधून ठेवायचे असतात.

अशी सगळी रूपे एका कागदावर मांडून पियानोवर किंवा कीबोर्डवर वेगवेगळ्या सप्तकांत पसरवून ऐकावीत. तिन्ही स्वर एका सप्तकात कोंबले तर आवाज चिडका येतो. डी खाली, ई फ्लॅट त्याच्या नवव्या अंतरावर (सप्तकाच्याही अर्धा स्वर वर) आणि ए त्याहून वर ठेवला तर तेच घर्षण मोकळे, प्रकाशमान वाटते. सामग्री अपुरी वाटू लागली की नवी कल्पना आणण्याचा मोह होतो, पण बहुतेक वेळा कमतरता कल्पनेची नसून जुनीच कल्पना पुरेशी ताणून न पाहिल्याची असते.

चौथा टप्पा: पाचातले एकतीस

पाच वाद्यांतून एकल, जोडी, त्रिकूट, चौकडी आणि पूर्ण संच धरून एकूण ३१ जोडण्या होतात: पाच एकल, दहा जोड्या, दहा त्रिकुटे, पाच चौकड्या आणि एक पूर्ण संच. नवखा रचनाकार यांतली एकच, म्हणजे शेवटची, सतत वापरतो आणि मग रचना दाट, पण एकसुरी का वाटते असे त्याला कोडे पडते. शोनबर्ग यांनी ‘पिएरो’च्या सातव्या भागात कंठाच्या साथीला केवळ एकटा फ्लूट ठेवला आहे. ऑलिव्हिए मेसियाँ यांचे ‘काळाच्या अंतासाठी चौकडी’ हे १९४१ च्या जानेवारीत गोर्लिट्झच्या युद्धकैदी छावणीत प्रथम वाजलेले काम तर या दृष्टीने पाठ्यपुस्तकच आहे. त्याच्या आठ भागांपैकी तिसरा एकट्या क्लॅरिनेटचा आहे, चौथ्यात पियानो नाही, पाचव्यात चेलो आणि पियानो आहेत, आठव्यात व्हायोलिन आणि पियानो. सहाव्या भागात चौघेही वाजवतात, पण सगळे एकाच सुरावटीत. आणि तो एकसूर एखाद्या भरगच्च स्वरसमूहापेक्षा अधिक भीतिदायक वाटतो.

म्हणून आडवा कागद घेऊन त्यावर मिनिटांच्या रेषा आखाव्यात आणि प्रत्येक वाद्यासाठी एक पट्टी काढावी. कोण कधी वाजवतो आणि कोण गप्प राहतो एवढेच आधी भरावे, स्वर नंतर. एलियट कार्टर यांनी १९८३ च्या ‘ट्रिपल ड्युओ’मध्ये फ्लूट-क्लॅरिनेट, व्हायोलिन-चेलो आणि पियानो-तालवाद्य अशा तीन जोड्या पाडून प्रत्येकीला वेगळे चारित्र्य दिले. अशी एखादी स्पष्ट अट स्वतःवर घालून घेतली तर आराखडा आपोआप बोलू लागतो. पूर्ण संच एकत्र येण्याच्या जागा दोन किंवा तीनच ठेवाव्यात, आणि त्या आधीच ठरवाव्यात.

पाचवा टप्पा: पहिले चार बार

आता वर घेतलेले तीन स्वर प्रत्यक्षात मांडू. लय मिनिटाला ५४ मात्रांची, चार मात्रांचे बार. पहिल्या मात्रेवर पियानो मधल्या सीच्या खालच्या सप्तकातला डी ‘मेझोफोर्टे’ (मध्यम मोठ्याने) वाजवतो, पेडल खालीच. हाच डी क्लॅरिनेटचा सर्वांत खालचा स्वर आहे. क्लॅरिनेट दुसऱ्या मात्रेवर शून्यातून त्याच स्वरावर येतो. पियानो विरत जातो तसा क्लॅरिनेट उमलतो, आणि पहिला कोठे संपला व दुसरा कोठे सुरू झाला हे ऐकणाऱ्याला सांगता येत नाही. दुसऱ्या बारमध्ये चेलो हाच डी घेतो, मात्र डीच्या मोकळ्या तारेवर नव्हे, तर जी तारेवर, गज पट्टीजवळ, कंप न देता. मोकळी तार येथे जास्त उजळ वाजली असती. तिसऱ्या बारमध्ये व्हायोलिन म्यूट लावून मधल्या सीच्या वरचा ई फ्लॅट धरते. चौथ्यात फ्लूट त्याहून वरचा ए ‘पियानिस्सिमो’त (अगदी हळू आवाजात) आणतो आणि ठीक त्या क्षणी पियानोवादक पेडल सोडतो.

या चार बारांत पाचही वाद्ये आली, पण स्वर तीनच आहेत, आणि प्रत्येक प्रवेशाला कारण आहे. ५४ च्या लयीत चार बार म्हणजे जवळजवळ अठरा सेकंद. एवढा वेळ खालच्या पट्ट्यात अगदी हळू आवाजात वाजवणे क्लॅरिनेटला एका श्वासात जमते. ते काम फ्लूटकडे दिले असते तर मध्येच श्वास घ्यावा लागला असता. प्रत्येक लांब स्वराची अशी सेकंदांत तपासणी करावी. धाग्याला धागा जोडावा तसा एका वाद्याच्या शेवटाला दुसऱ्याची सुरुवात जोडणे, हे या संचासाठी लिहिण्यातले मुख्य कसब आहे असे मला वाटते.

संगणकावर लिहीत असाल, मग म्यूझस्कोअर असो, सिबेलियस असो की डोरिको, तर प्लेबॅक स्वर आणि लय तपासण्यापुरताच ऐकावा. त्यातला खालचा फ्लूट हवा तेवढा मोठा वाजतो, वादकाला श्वास लागत नाही आणि म्यूट विनाविलंब चढतो. तोलाबाबत त्याच्यावर विश्वास ठेवल्यास पहिल्या तालमीत निराशा ठरलेली.

सहावा टप्पा: एकत्र राहण्याची सोय

लयीची गुंतागुंत लिहिताना ती कशासाठी आहे हे स्वतःला विचारावे. पाच जण कंडक्टरविना वाजवणार असतील, तर सतत बदलणाऱ्या मात्रांपेक्षा एक स्थिर मात्रा ठेवून तिच्यावर आघात हलवणे कमी तालमींत साधते आणि ऐकणाऱ्याला दोहोंतला फरक क्वचितच कळतो. जेथे खरोखरच काटेकोर एकत्रपणा नको असेल, तेथे तो मागूच नये. विटोल्ड लुटोस्वाव्स्की यांनी १९६१ च्या ‘व्हेनिसचे खेळ’ या रचनेपासून हा मार्ग रूढ केला: प्रत्येक वादक ठरलेले स्वर आपापल्या लयीत वाजवतो, विभाग कधी सुरू व्हावा आणि कधी थांबावा एवढे मात्र खुणेवर चालते. लिहायला सोपा आणि ऐकायला दाट असा हा पोत आहे. मात्र कोणी खूण करायची, आधीचे वाक्य अर्धवट तोडायचे की पूर्ण करायचे, हे सूचनेत निःसंदिग्ध लिहिले नाही तर तालमीतला अर्धा तास त्यावरच जातो.

सातवा टप्पा: विशेष तंत्रे, बेताने

जिभेची थरथर, कळांचे टकटक आवाज, एकाच फुंकरीतून निघणारे अनेक स्वर, गजाच्या लाकडाने तार छेडणे, पियानोच्या तारा बोटांनी छेडणे: अशी तंत्रे आज सर्रास वापरली जातात. जॉर्ज क्रम्ब यांच्या १९७१ च्या ‘व्हॉक्स बॅलेने’च्या आरंभी फ्लूटवादक वाजवता वाजवता वाद्यात गातो, आणि ते अपरिहार्य वाटते, कारण रचनेचे विश्वच त्यातून सुरू होते. जेरार ग्रिझे यांनी १९९४ ते १९९६ दरम्यान लिहिलेल्या ‘व्होर्टेक्स टेम्पोरम’मध्ये पियानोचे चार स्वर पाव स्वराने उतरवून घ्यावे लागतात, यासाठी प्रयोगापूर्वी पियानोचे सूर लावणारा कारागीर लागतो आणि नंतर पियानो पूर्ववतही करावा लागतो. असा खर्च मागण्याआधी रचनेला त्याची खरोखर गरज आहे का, हे पाहावे.

कसोटी साधी आहे. ते तंत्र काढून साधा स्वर ठेवला तर रचना मोडते का? मोडत नसेल तर तंत्र गाळावे. शिवाय क्लॅरिनेटचे अनेकस्वरी आवाज बोटांच्या मांडणीवर अवलंबून असतात, आणि पियानोच्या आतल्या लोखंडी पट्ट्या प्रत्येक बनावटीत वेगळ्या जागी येतात. एका पियानोवर सहज हाताशी येणारी तार दुसऱ्यावर पट्टीखाली दडलेली असते. म्हणून नेमक्या तारेऐवजी पट्टा लिहावा, किंवा पर्यायी सूचना द्यावी.

आठवा टप्पा: स्कोअर आणि पार्ट

समकालीन रचनांत पूर्ण स्कोअर बहुधा प्रत्यक्ष ऐकू येणाऱ्या स्वरांत लिहितात. तसे असेल तर पहिल्या पानावर ते नमूद करावे. क्लॅरिनेटचा पार्ट (फक्त त्याच्या ओळीची प्रत) मात्र वादकाच्या सवयीप्रमाणे एक स्वर वर सरकवलेलाच द्यावा. पियानोवादक बहुधा पूर्ण स्कोअरवरूनच वाजवतो आणि त्याला पान उलटायला एक हात मोकळा हवा असतो. इतरांना उलटण्याच्या जागी दोन-चार मात्रांचा विराम. यासाठी एखाद्या पानाचा खालचा भाग कोरा सोडावा लागला तरी चालेल. लांब विरामानंतर प्रवेश असेल तर त्याआधी दुसऱ्या वाद्याची ठळक ओळ लहान स्वरांत छापावी. त्यासाठी नेहमी तीच ओळ निवडावी जी वादकाला त्याच्या खुर्चीवरून खात्रीने ऐकू येते. तालमीची अक्षरे (तालमीत जागा सांगण्यासाठी छापलेली) ठरावीक अंतराने न टाकता रचनेच्या सांध्यांवर टाकावीत आणि बार क्रमांक प्रत्येक ओळीच्या आरंभी द्यावेत.

पार्ट वादकांकडे पुरेसे आधी पोहोचले पाहिजेत, आणि पाठवण्यापूर्वी प्रत्येक पार्ट स्कोअरपासून वेगळा काढून, जणू आपणच तो वाजवणार आहोत असा, एका बैठकीत वाचावा. विसरलेला पिझिकाटो, न काढलेला म्यूट, पिकोलोवरून परत येण्याची राहून गेलेली सूचना हे सारे अशाच वाचनात सापडते. स्कोअर पाहून सापडत नाही.

नववा टप्पा: तालीम

पहिल्या वाचनात रचनाकाराने थांबवू नये. स्कोअरवर पेन्सिलीने खुणा करत राहावे आणि रचना शेवटपर्यंत जाऊ द्यावी. पहिल्याच पानावरची चूक दुरुस्त करत बसलात तर शेवटची तीन पाने कोणी वाजवलेलीच नसतात आणि तीच बहुधा सर्वांत अवघड असतात. दुसऱ्या फेरीत सांध्यांच्या जागा आधी घ्याव्यात: लय बदलते ती जागा, खुणेवर सुरू होणारा विभाग, शून्यातून येणारे प्रवेश. तोलाबाबत बोलताना ‘जास्त हळू’ म्हणण्यापेक्षा ‘येथे चेलो तुमच्या आतून ऐकू यायला हवा’ असे सांगितले तर वादकाला काय ऐकायचे ते कळते. पियानो सतत वरचढ होत असेल तर झाकण अर्ध्यावर आणून पाहावे. तरीही होत असेल तर दोष झाकणाचा नसतो, लिहिलेल्या स्वरसमूहाच्या जाडीचा असतो, आणि त्यातला एखादा स्वर तेथेच खोडावा.

वादकाने एखाद्या जागी ‘हे असे लिहिले तर सोपे जाईल’ असे सुचवले तर आधी दोन्ही प्रकार वाजवायला सांगावे. आवाज तोच येत असेल तर त्याचे म्हणणे लगेच मान्य करावे आणि पार्टमध्ये त्याच्याच हातून दुरुस्त करून घ्यावे. वेगळा येत असेल तर आपल्याला नेमके काय हवे आहे हे त्या फरकातूनच स्पष्ट होते. प्रयोगानंतर ध्वनिमुद्रण आणि पेन्सिलीच्या खुणा असलेले पाचही पार्ट परत मागून घ्यावेत. वादकांनी स्वतःसाठी लिहिलेले श्वास, गजाच्या दिशा आणि इशारे पुढच्या आवृत्तीत छापून टाकावेत, आणि मुखपृष्ठावर आवृत्तीची तारीख घालावी, म्हणजे पुढचा वृंद जुने पार्ट आणि नवा स्कोअर घेऊन तालमीला बसणार नाही.